वाघाचे पट्टे आणि उघडी वही

सुपे नावाचे गाव आता नकाशावर नाही. गोव्याच्या सरहद्दीला लागून उत्तर कन्नड जिल्ह्यातला जो तालुका आज जोयडा म्हणून ओळखला जातो, त्याला पूर्वी सुपे तालुका म्हणत, आणि हे गाव त्याचे मुख्य ठाणे होते. काळी नदीवर गणेशगुडीजवळ १०१ मीटर उंचीचे धरण झाले, पाणी चढत गेले, आणि गाव बाजारपेठेसकट जलाशयाच्या तळाशी गेले. कचेऱ्या जोयड्याला हलल्या. माणसे रामनगरला आणि आणखी कुठेकुठे पांगली.

माझी मावशी या सुप्याला दिलेली. १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यातच होता, तेव्हा बडोद्याची मुलगी तिकडे देण्यात कुणाला फारसे नवल वाटले नाही. नवल वाटे ते आम्हा मुलांना. उन्हाळ्याच्या सुटीत लोंढ्याला आगगाडीतून उतरायचे, पुढे मोटारीने तांबड्या धुळीतून जंगल कापीत जायचे, आणि संध्याकाळी मावशीच्या अंगणात पाय ठेवायचा. मावशीचे यजमान, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, रात्री कंदील घेऊन गोठ्यापर्यंत जात आणि येताना 'आज वाघोबा पलीकडच्या वहाळातून गेलेत,' असे सहज सांगत. ते खरे की मुलांना लवकर निजवण्याची युक्ती, हे मला अजून ठाऊक नाही.

या अण्णांची तीन एकरांची पोफळीची बाग होती. धरणासाठी मोजणी झाली तेव्हा कागदावर ती अडीच एकरही भरली नाही. अण्णा भांडखोर नव्हते. त्यांनी कचेरीत जाऊन एवढेच म्हटले, "साखळी कुठून कुठे लावली आणि गुणाकार कसा केला, तेवढे दाखवा." समोरच्या कारकुनाने वही मिटली आणि विचारले, "आकडा मिळाला ना तुम्हाला?" अण्णा त्यानंतर पुष्कळ वर्षे जगले. गेलेल्या पैशांविषयी ते कधी बोलले नाहीत. बोलत ते त्या मिटलेल्या वहीविषयी.

ही घरगुती गोष्ट वाचकांपुढे ठेवण्याचे कारण असे की, गेल्या मार्गशीर्षात मी पुष्कळ वर्षांनी जोयड्याला गेलो आणि अण्णांच्याच नातवाच्या तोंडून अगदी उलट प्रकारच्या एका वहीची हकीकत ऐकली. तो रानातल्या श्वापदांची मोजदाद करतो. कुठल्या संस्थेसाठी, ते नाव छापू नये असे त्याने बजावले आहे, म्हणून मी ते छापीत नाही.

*

रान मोजायचे म्हणजे काय, याची कल्पना येण्यासाठी प्रथम ते रान केवढे आहे ते सांगितले पाहिजे. दांडेली अभयारण्य १९५६ साली झाले. अणशी राष्ट्रीय उद्यान १९८७ साली झाले. २००७ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ पासून त्याला काळी नदीचे नाव मिळाले. नदी उगम पावते तीही याच तालुक्यात, डिग्गीजवळ. सारा पसारा तेराशे चौरस किलोमीटरांच्या आसपासचा. घाटमाथ्यावर पाऊस असा की, झाडांच्या बुंध्यांवर शेवाळाचे अंगरखे चढलेले. या झाडीत काळा बिबट्या फिरतो, धनेश पक्षी पंखांचा मोठा आवाज करीत डोक्यावरून जातो, आणि वाघ आहे. पण तो दिसत नाही. जोयड्यात जन्म काढलेली माणसे मला भेटली, ज्यांनी वाघ आयुष्यात दोनदाच पाहिला. जे दिसतच नाही ते मोजायचे कसे?

आपल्याकडे पूर्वी ही मोजणी पावलांच्या ठशांवरून होई. ओरिसाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ च्या सुमारास ती रीत बसवली. ठशावर काच ठेवायची, वरून कागदावर आकृती उतरून घ्यायची, आणि अनुभवी माणसाने ठसे लावून पाहून हा वाघ वेगळा, हा तोच, असा निवाडा द्यायचा. १९७२ साली या रीतीने देशात १,८२७ वाघ मोजले गेले. रीत देशी होती, स्वस्त होती आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर विसंबून होती. दोष तेथेच होता. ओल्या मातीत त्याच वाघाचा ठसा मोठा उमटतो, कोरड्यात लहान. निवाडा देणारा चुकला की नाही, हे दुसऱ्याला ताडून पाहता येत नसे. मग २००४-०५ साली राजस्थानातल्या सरिस्क्यात कागदावर वाघ होते आणि रानात एकही उरला नव्हता, असे उघडकीला आले. देशभर गहजब झाला, सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि ठशांची मोजणी मागे पडली.

दुसरी रीत त्याआधीच कर्नाटकात सुरू झाली होती. कन्नड साहित्यिक शिवराम कारंतांचे चिरंजीव उल्लास कारंत यांनी १९९० नंतरच्या वर्षांत नागरहोळेच्या रानात वाटांच्या दुतर्फा आपोआप टिपणारे कॅमेरे बसवले. वाघाच्या अंगावरचे पट्टे ही त्याची सही असते. एकाचे दुसऱ्यासारखे नसतात. इतकेच काय, एकाच वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, तिचा पुढे संबंध येणार आहे.

पट्ट्यांच्या या ओळखीची एक गोष्ट तर आपल्या महाराष्ट्राला जोडणारी आहे. कोयना-चांदोलीच्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात २०१८ साली एका वाघाचे छायाचित्र मिळाले होते. २०२० साली काळीच्या रानात एक नर टिपला गेला. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तर पट्टा न पट्टा जुळला. दोनशे किलोमीटरांहून अधिक मजल मारून, दोन राज्यांचे रस्ते, शेते आणि वस्त्या चुकवीत तो आला होता, आणि वाटेत कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

*

परंतु छायाचित्रे मिळाली म्हणजे मोजणी झाली असे नव्हे. जे कॅमेऱ्यासमोर आलेच नाहीत त्यांचे काय? येथे गणित सुरू होते. नातवाने मला ते चिंचोक्यांवर समजावले.

"काका, हा डबा घ्या. आत किती चिंचोके आहेत ते ओतून मोजायचे नाही. मूठभर, समजा वीस, काढा, त्यांना चुन्याचा ठिपका लावा आणि परत टाका. डबा हलवा. आता पुन्हा मूठ भरा. पंधरा आले आणि त्यांतले दहा ठिपक्याचे निघाले. म्हणजे मुठीत तीनांपैकी दोन ओळखीचे. तर मग साऱ्या डब्यातही तीनांपैकी दोन ओळखीचे असणार. ओळखीचे एकंदर वीस. मग डब्यात किती?"

"तीस," मी म्हटले, आणि शाळेतल्यासारखा खूश झालो.

ही युक्ती जुनी आहे. फ्रान्सची लोकसंख्या अजमावण्यासाठी लाप्लासने १८०२ साली असाच विचार केला होता. डेन्मार्कच्या पीटरसनने १८९६ साली समुद्रातल्या माशांना ती लावली. आपल्या सी. चंद्रशेखरन यांनी डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाबरोबर १९४९ साली बंगालमधल्या सिंगूरच्या जन्ममृत्यूच्या नोंदी याच न्यायाने तपासल्या. वाघाला ठिपका लावावा लागत नाही, तो देवानेच लावून पाठवला आहे, एवढाच फरक.

पण डबा आणि रान यांत एक मोठे अंतर आहे. डब्याला कडा असतात, रानाला नसतात. कॅमेऱ्यात आलेला वाघ याच रानाचा, की गोव्याकडून मोलेच्या बाजूने दोन दिवस फिरायला आलेला? मोजलेले वाघ नक्की किती जागेतले धरायचे, याचे उत्तर बराच काळ अंदाजाने दिले जाई. ते नीट दिले न्यूझीलंडच्या मरे एफर्ड या संशोधकाने, २००४ साली. प्रत्येक जनावराच्या वावराचा एक मध्य असतो. कॅमेरा त्या मध्यापासून जितका दूर, तितका ते जनावर त्यात सापडण्याचा संभव कमी. कुठला प्राणी कुठल्या कॅमेऱ्यात किती वेळा आला, एवढ्यावरून मध्यांची दाटी काढता येते. मौज अशी की, न्यूझीलंडात वाघ तर नाहीच, वटवाघळांखेरीज जमिनीवरचे मूळचे सस्तन प्राणीही नाहीत. तिथे ऑस्ट्रेलियातून आणून सोडलेला पोसम नावाचा प्राणी उपद्रव देतो, आणि तो किती आहे हे जाणून घ्यायचे ते त्याला कमी करण्यासाठी. नष्ट करावयाच्या प्राण्यासाठी पारखलेले गणित आज राखावयाच्या वाघाला उपयोगी पडत आहे.

हे गणित हाताने होणारे नव्हे. देशाच्या २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे बसले, ३ कोटी ४८ लाखांवर छायाचित्रे निघाली, आणि त्यांत वाघ होता फक्त ७६,६५१ चित्रांत. बाकी गवत, गुरे, हरणे, माणसे. २,४६१ वाघ पट्ट्यांवरून एकेक ओळखता आले. अंदाज निघाला २,९६७. २०२२ चा अंदाज ३,६८२; पण तो सांगताना शास्त्रज्ञ ३,१६७ ते ३,९२५ अशी कक्षाही सांगतात. कक्षेविना आकडा म्हणजे मापाविना दूध. ही आकडेमोड संगणक करतो, आणि संगणकाला काय करायचे ते सांगणारी आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, कुणीतरी लिहावी लागते.

*

आता मी मूळ मुद्द्यावर येतो. ही आज्ञावली दोन प्रकारची असते. एक विकतची, कुलूपबंद. पैसे भरा, आकडे आत टाका, उत्तर बाहेर येईल. आत काय घडले ते विचारू नका. दुसरी उघडी. तिला ओपन सोर्स किंवा मुक्तस्रोत म्हणतात. ती फुकट मिळते हे खरे. परंतु फुकटपणा हा तिचा धाकटा गुण. थोरला गुण असा की, तिची ओळ न् ओळ कुणालाही वाचता येते, तपासता येते, दुरुस्त करून पुढच्याला देता येते.

संख्याशास्त्रात सर्वत्र वापरली जाणारी 'आर' ही अशीच एक उघडी भाषा. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघा अध्यापकांनी विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या निमित्ताने ती रचली. दोघांच्या नावांचे आद्याक्षर एकच, तेच भाषेचे नाव. १९९५ साली त्यांनी ती सर्वांना खुली केली आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी, म्हणजे चार वर्षांनी एकदा येणाऱ्या तिथीला, तिची पहिली पक्की आवृत्ती निघाली. पुढे जगभरच्या माणसांनी तिला आपापल्या कामाची अवजारे जोडली. एफर्ड यांनी आपले गणित 'एसईसीआर' या नावाने तिच्यात घातले. कर्नाटकात वाघांवर काम करणाऱ्या अर्जुन गोपालस्वामी, उल्लास कारंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली 'स्पेसकॅप' नावाचे अवजार असेच उघड्यावर ठेवले. जोयड्यातल्या एका कौलारू घरात, वीज जाईल म्हणून धास्तावून बसलेला मुलगा जो हिशेब करतो, तोच हिशेब ऑकलंडचा प्राध्यापक त्याच अवजाराने करतो. दोघांत त्या बाबतीत वरखाली काही नाही.

बडोद्याच्या वाचकाला यात फार अनोखे काही वाटू नये. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन साहेबांना आणून गावोगाव फुकट वाचनालये उघडली आणि जिथे वाचनालय पोचणार नाही तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पाठवल्या. त्या पेटीतले पुस्तक पाटलाच्या मुलाने वाचले म्हणून विणकराच्या मुलाला कमी पडत नसे. विद्या वाटल्याने सरत नाही हे आपण सुभाषितात म्हणतो. महाराजांनी ते पेटीत भरून बैलगाडीवर चढवले. 'आर' भाषेचे लोक तेच तारेवरून करतात.

*

उघड्या वहीचा एक तोटा असतो. आपली चूकही सर्वांना दिसते. नातवाने ती हकीकत स्वतःच सांगितली; मी विचारली नव्हती.

त्याने एका पट्ट्यातल्या बिबट्यांचा हिशेब केला होता. बिबट्याच्या अंगावरची फुले हीदेखील सहीच, आणि तीही डावी-उजवी वेगळी. काही ठिकाणी त्याचा एकेकच कॅमेरा चालू राहिला होता, म्हणजे जनावराची एकच कूस टिपली गेली होती. आता समजा, अकरा डाव्या कुशी ओळखल्या आणि नऊ उजव्या. त्यांना वीस बिबटे म्हणता येत नाही. त्यांतले पुष्कळसे तेच असणार. त्याने आज्ञावली लिहिताना एका ओळीत दोन्हींची बेरीज केली होती. जाणूनबुजून नव्हे, रात्रीचे जागरण, आणि अवजाराने न कुरकुरता उत्तर दिले. संगणक चुकीच्या बेरजेलाही तितक्याच नम्रपणे मान डोलावतो.

तो आकडा त्याने एका वस्तीवरच्या बैठकीत सांगितलाही होता. बैठकीला कुणबी मंडळी होती. हे लोक या रानात पिढ्यान्‌पिढ्या भातशेती करतात आणि परसात नाना तऱ्हेचे कंद लावतात. आकडा ऐकल्यावर एक म्हातारा उठला आणि कोकणीत म्हणाला, "बाबा, जनावरे वाढली म्हणजे आता आम्ही उठायचे काय?"

हा प्रश्न फुकाचा नव्हता. व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातल्या कुटुंबांनी स्वखुशीने बाहेर पडावे म्हणून सरकारने २००८ पासून कुटुंबामागे दहा लाख आणि २०२१ पासून पंधरा लाख रुपये देऊ केले आहेत. या तालुक्यातून काही घरे तसे पैसे घेऊन उठलीही आहेत. काहींना रस्ता, दवाखाना, मुलांची शाळा पाहिजे होती, ती मिळाली. काहींना हातातले पैसे संपल्यावर परसातले कंद आठवले. रानातल्या आकड्यावर माणसाच्या चुलीचे भवितव्य थोडेफार अवलंबून असते, ते असे. नातवाने तेव्हा काहीतरी उत्तर दिले, पण म्हाताऱ्याचा चेहरा त्याच्या मनातून गेला नाही.

त्याने आपली आज्ञावली रिवाजाप्रमाणे सर्वांना दिसेल अशी ठेवली होती. तीन आठवड्यांनी एका परदेशी विद्यार्थिनीचे दोन ओळींचे पत्र आले. तिची-त्याची ओळखदेख नाही. ती तिकडे कुठल्याशा रानमांजरांवर काम करीत होती आणि याच्या ओळी उचलून आपल्या कामाला लावू पाहत होती. तिने विचारले होते, "बेचाळिसाव्या ओळीत डावे आणि उजवे एकत्र मिळवले आहेत का? माझे काही चुकत असेल तर क्षमा करा."

"काका, त्या रात्री मला जेवण गेले नाही," नातू म्हणाला. "पुन्हा हिशेब केला तर आकडा बराच खाली आला. सकाळी सरांना सांगितले. मला वाटले, आता झाले. सर म्हणाले, चूक तू केलीस हे वाईट, पण ती सापडेल अशा ठिकाणी ठेवली होतीस हे चांगले. आता जिथे जिथे जुना आकडा सांगितलास तिथे तिथे जाऊन नवा सांग."

तो त्या वस्तीवर परत गेला. आपण चुकलो, कसे चुकलो, हे त्याने दोन्ही तळहात पुढे धरून डावा-उजवा दाखवीत सांगितले. म्हाताऱ्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "मोजणारा माणूस परत येऊन चुकलो म्हणतो, हे मी पहिल्यांदा पाहिले."

मला त्या क्षणी अण्णांची आठवण झाली, हे सांगायला नकोच.

*

मग सारेच उघडे करावे काय? हा प्रश्न मी त्याला विचारला. तो म्हणाला, "नाही. वाघ कुठल्या कॅमेऱ्यात, कुठल्या वाटेवर आला, ते आम्ही कधीच उघड करीत नाही. ते चोरट्या शिकाऱ्याला आमंत्रण होईल." म्हणजे रीत उघडी, ठिकाण झाकलेले. स्वयंपाक कसा केला ते शेजारणीला सांगावे, पण कोठीची किल्ली तिच्या हाती देऊ नये, असा हा व्यवहार आहे. मात्र झाकण्याला हे कारण खरे असले तरी ते सोयीचेही पडते. देशाच्या व्याघ्रगणनेच्या रीतीवर २०१५ साली गोपालस्वामी, मोहन देलमपाडी, कारंत आणि इतरांनी गणिती आक्षेप घेतले, सरकारी गणनेच्या बाजूच्या शास्त्रज्ञांनी ते खोडून काढण्याचा यत्न केला, आणि तो वाद पुढे कित्येक वर्षे चालला. कोण बरोबर, हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही. परंतु असा वाद मिटवायचा तर दोघांच्याही वह्या एका टेबलावर पसराव्या लागतात, एवढे हिशेब ठेवणाऱ्या कुणालाही कळेल.

याच रानात हा धडा एकदा पूर्वी गिरवला गेला आहे, आणि तो गिरवणारा मनुष्य पुण्याचा होता. माधव गाडगीळ, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगिळांचे चिरंजीव. हार्वर्डमध्ये संगणकावर गणिती परिसरशास्त्र शिकून ते १९७३ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. त्या दशकाच्या मध्यावर कर्नाटकातले बुरूड ओरडू लागले की, टोपल्या विणायला बांबू मिळत नाही, सारा कागद गिरण्यांना जातो. दांडेलीची कागद गिरणी याच टापूतली. सरकारने गाडगिळांना पाहणी करायला सांगितले. त्यांनी सरकारी आकडा घेऊन टेबलाशी बसण्याऐवजी रानात जाऊन बेटे मोजली, तेव्हा दप्तरातले बांबूचे आकडे फुगलेले आढळले. याहून मोठी गोष्ट त्यांना गावकऱ्यांनी सांगितली. बेटाखालचे काटेरी झुडूप 'सफाई' म्हणून काढून टाकण्याचा प्रघात पडला होता. गावकरी म्हणत, ते काटे म्हणजे कोंबांचे कुंपण. ते काढले की गुरे आणि वानरे कोवळे कोंब खाऊन टाकतात. मोजून पाहिले तर गावकऱ्यांचे खरे ठरले.

पुढे २०११ साली पश्चिम घाटाविषयीचा त्यांच्या समितीचा अहवाल तयार झाला आणि सरकारी कपाटात राहिला. केंद्रीय माहिती आयोगाकडे दाद मागितली गेली तेव्हा २०१२ साली तो लोकांच्या हाती आला. त्यातल्या शिफारशींवर मतभेद झाले, अजूनही आहेत. पण मतभेद व्हायला तरी आधी कागद वाचायला मिळावा लागतो.

*

निघायच्या आदल्या रात्री नातवाने मला आणखी एक चमत्कार दाखवला. अमेरिकेचे लँडसॅट उपग्रह १९७२ पासून पृथ्वीची चित्रे घेत आहेत. ती पूर्वी विकत घ्यावी लागत. २००८ पासून कुणालाही फुकट मिळतात. ती वाचायला 'ग्रास' नावाची उघडी आज्ञावली आहे. तिची सुरुवात १९८२ साली अमेरिकन लष्कराच्या एका प्रयोगशाळेत झाली, आणि आज जगभरचे स्वयंसेवक तिची देखभाल करतात. भारतीय विज्ञान संस्थेतल्या टी. व्ही. रामचंद्र यांच्या गटाने अशाच साधनांनी उत्तर कन्नड जिल्ह्याची जुनी-नवी चित्रे ताडून पाहिली आणि १९७३ साली जिल्ह्याच्या सुमारे ६८ टक्के भागावर असलेले सदाहरित व निमसदाहरित रान २०१३ साली ३२ टक्क्यांवर आल्याचे मांडले. त्या उणे झालेल्या रानात धरणांचे जलाशय आले, सागवानाची लागवड आली, रस्ते आले.

पडद्यावर १९७३ चे चित्र होते. जलाशय अजून झालेला नव्हता. काळी नदी एखाद्या सैल सुतळीसारखी पडली होती आणि तिच्या काठी, जिथे आज केवळ पाणी आहे, तिथे एक फिकट डाग होता. "हे सुपे," नातू म्हणाला. मी चष्मा पुसला.

मनात फार दिवस दबलेली गोष्ट मी बोलून टाकली. "अरे, मग अण्णांची बाग मोजता येईल का यावर?"

तो हसला नाही. त्याने खरोखर यत्न केला. मी आठवणीने ओढा, देऊळ, वळण सांगत गेलो आणि तो ठिपके लावीत गेला. अर्ध्या तासाने त्याने हात थांबवला. "काका, या चित्रातला एकेक ठिपका म्हणजे साठ मीटर लांब, साठ मीटर रुंद जागा. तीन एकर म्हणजे जेमतेम साडेतीन ठिपके. अडीच एकर म्हणजे तीनाला थोडे कमी. कडेचा ठिपका बागेचा की शेजारच्या शेताचा, हे हे चित्र सांगू शकत नाही. मी तुम्हाला आकडा काढून देऊ शकेन, पण तो खोटा असेल."

मग त्याने पडदा माझ्याकडे वळवला आणि ठिपके एकेक करून दाखवले. हा नदीचा, हा रानाचा, हा बहुधा बागेचा, या दोहोंचे काही ठरवता येत नाही.

अण्णांचा हिशेब त्या रात्रीही लागला नाही. पण तो का लागत नाही, ते त्यांच्या नातवाने ओळ न् ओळ उलगडून सांगितले. मी उठलो तेव्हा तो ते ठिपके तारीख घालून जपून ठेवीत होता; पुढे कुणाला जुना मोजणीचा नकाशा सापडला तर ताडून पाहता येईल, म्हणाला.